अप्पांची हिरवी रेघ

अप्पांना एक ऑसिलोस्कोप हवा होता. एकच. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं ही हकिगत ज्याच्या त्याच्या तोंडी झाली तेव्हा लोकांनी असा समज करून घेतला की माणसानं चांगली सात-सात यंत्रांची हौस केली. सातची हौस कुणालाच नसते. माणूस एकाच वस्तूच्या मागं लागतो, बाकीच्या त्याच्या मागं लागतात.

ऑसिलोस्कोप म्हणजे छोट्या टीव्हीसारखा पडदा आणि त्याच्या शेजारी बटणांची दाटी असलेला एक जडशीळ खोका. त्याला एक वायर असते, तिला प्रोब म्हणतात. प्रोबचं टोक एखाद्या रेडिओच्या पोटात टेकवलं की तिथून वीज कशी चालली आहे ते पडद्यावर हिरव्या रेघेत दिसतं. सरळ चालली असेल तर सरळ, लाटांनी चालली असेल तर लाटांनी. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला तो नसला तर सगळा कारभार अंदाजपंचे.

आणि अप्पांचा कारभार अंदाजपंचेच होता. दिवसा ते पाणीपुरवठा खात्यात मोठे कारकून. संध्याकाळी चहा झाला की खिडकीशी टेबल ओढायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि नातेवाइकांच्या बंद पडलेल्या वस्तू उघडून बसायचं. अप्पांकडं दिलेली वस्तू परत येते, हे सगळे मान्य करत. चालू होऊन येते, असं मात्र कुणी म्हणत नसे.

मेव्हण्याचा ॲम्प्लिफायर निमित्त झाला. गाणं लावलं की त्यातून पाठीमागं एक बारीक घूंऽऽ असा आवाज यायचा. अप्पांनी अंदाजानं एक कंडेन्सर बदलला. मग दुसरा. मग ट्रान्सफॉर्मर. मेव्हण्यानं तो घरी नेऊन लावला आणि पाहुण्यांनी भरलेल्या बैठकीत, अप्पांच्या बायकोच्या सगळ्या माहेरासमोर, जाहीर केलं, "अप्पांनी कमाल केली हं. आता हा गाण्याशिवायसुद्धा वाजतो."

लोक हसले. अप्पाही हसले. पण ते हसू घरी पोचेपर्यंत चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि तसं हसू राहिलं की काहीतरी होणार, हे बायकोला अनुभवानं ठाऊक होतं.

एका तंत्रशाळेची जुनी प्रयोगशाळा मोडीत निघाली होती. नोटीसबोर्डावर लिलावाच्या सामानाची यादी होती आणि तिच्यात लिहिलं होतं : 'ऑसिलोस्कोप, लॉट १'. अप्पांनी आयुष्यभर सरकारी कागद वाचले होते. एक म्हणजे एक, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बोली बोलणारे ते एकटेच होते, तेव्हाच खरं म्हणजे शंका यायला हवी होती.

"हे बघा, तुमचे सात," लिलावाचा कारकून म्हणाला.

"मी एक घेतलाय."

"एक लॉट घेतलाय साहेब. लॉट म्हणजे सगळे. कपबशांचा सेट घेतला की एकच बशी घरी नेता का?"

"बाकीचे इथंच राहू दे. मी हक्क सोडतो."

"हक्क सोडायला अर्ज लागतो, आणि अर्ज मंजूर होईतो ते तुमचेच. शनिवारनंतर जागेचं भाडं लागेल."

अप्पा स्वतः कारकून. समोरचा माणूस कुठल्या खुर्चीतून बोलतो आहे हे त्यांना पक्कं कळत होतं, आणि म्हणूनच वाद घालायची ताकद अंगातून निघून गेली. आपण खिडकीच्या आत बसून लोकांना अगदी हेच, अगदी याच आवाजात सांगतो, हे बाहेर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

सामान फाटकाबाहेर काढायला प्रयोगशाळाप्रमुखाची सही हवी होती. प्रयोगशाळाप्रमुख निवृत्त झाले होते आणि त्यांचा चार्ज क्रीडाशिक्षकांकडं होता. क्रीडाशिक्षक मैदानावर होते. ते शिट्टी गळ्यात घालून आले, कसलीही यंत्रं तपासल्याशिवाय सोडायची नाहीत असा त्यांचा बाणा होता. त्यांनी एकेक ऑसिलोस्कोप दोन्ही हातांनी उचलून पाहिला, वजनाबद्दल समाधान व्यक्त केलं आणि सही केली.

अप्पांच्या इमारतीत टेंपो आला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी खालीच होते. सेक्रेटरी नेहमी खालीच असतात. इमारतीत कोण काय आणतो आणि कोण काय नेतो हे पाहायला मिळावं, एवढ्याचसाठी त्यांनी ते पद घेतलं असावं.

"लिफ्ट माणसांसाठी आहे, अप्पा."

"मी माणूसच आहे."

"तुम्ही या ना लिफ्टनं. यंत्रं जिन्यानं जातील."

यंत्रं जिन्यानं चौथ्या मजल्यावर गेली. अप्पाही जिन्यानंच गेले. हमालांच्या डोळ्यांसमोर एकट्यानं लिफ्टमध्ये शिरायचा धीर त्यांना झाला नाही. दुसऱ्या मजल्यावर राहणारे निवृत्त हेडमास्तर दार उघडून उभे होते. प्रत्येक खेपेला ते हमालांना "पाठ ताठ ठेवा" एवढं सांगत आणि प्रत्येक खेपेला हमाल त्यांच्याकडं अशा नजरेनं बघत की पुढचा मजला जरा लवकर चढला जाई.

बायकोनं दार उघडलं. एक खोका आत आला, तिनं बाजूला होऊन वाट दिली. दुसरा आला, तिनं भुवया उंचावल्या. तिसऱ्यानंतर तिनं मोजणं सोडून दिलं आणि हमालांसाठी पाणी आणायला गेली.

सगळं आटोपल्यावर ती म्हणाली, "एक आणायला गेला होतात."

"लॉट होता."

"बरं," ती म्हणाली. या 'बरं'मध्ये पंचवीस वर्षांचा संसार होता.

मुलगी शिकायला परगावी होती. तिची खोली रिकामी होती. आता ती रिकामी राहिली नाही. पलंगावर दोन, पलंगाखाली दोन, अभ्यासाच्या टेबलावर एक, आणि उरलेले दोघे दाराआड, कुणीतरी शिक्षा करून उभे केल्यासारखे. बायको याच खोलीत इस्त्री करायची. तिनं त्यांतल्या त्यात सपाट माथ्याचा एक निवडला आणि इस्त्रीचे कपडे त्याच्यावर रचायला सुरुवात केली.

पहिला ऑसिलोस्कोप अप्पांनी रविवारी दुपारी लावला. छोटा दिवा लागला. पंखा फिरला. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आतून फटाक असा आवाज झाला आणि मागच्या जाळीतून असा काही दाट, पिवळट, मासळी जळाल्यासारखा धूर निघाला की अप्पांच्या डोळ्यांत आणखी पाणी आलं. एक म्हातारा कंडेन्सर फुटला होता, एवढंच. जुन्या यंत्रांत ते व्हायचंच. पण हे 'एवढंच' समजावून सांगायच्या आत सेक्रेटरी जिन्यातलं आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आले आणि त्यांनी पलंग, पडदे, ऑसिलोस्कोप आणि अप्पा यांच्यावर ते सारख्या प्रमाणात रिकामं केलं. ते भरून आणायची जबाबदारी कुणाची, यावर पुढं इमारतीची एक सभा झाली. ती अप्पांची आहे असं एकमतानं ठरलं. अप्पांनीसुद्धा हात वर केला, कारण सभा संपावी असं सगळ्यांत जास्त त्यांनाच वाटत होतं.

सल्ल्यांना मग तोटा राहिला नाही. हेडमास्तर म्हणाले, यंत्रं दमट झाली आहेत, गच्चीवर उन्हात घाला. समोरच्या दारातल्या काकू म्हणाल्या, आमच्याकडं टीव्ही बंद पडला की हे त्याला डाव्या बाजूनं थाप मारायचे, लगेच लागायचा. सेक्रेटरी म्हणाले, विकून टाका. तिन्ही सल्ले अप्पांनी मनापासून ऐकले आणि थकव्याच्या एका संध्याकाळी, खोलीचं दार लावून, एकाला डाव्या बाजूनं थापही मारली. काही झालं नाही. निदान काकूंना ते कळलं तरी नाही.

दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर मधोमध एक हिरवा ठिपका आला आणि तो तिथंच बसून राहिला. तिसऱ्याच्या पडद्यावर रेघ यायची, पण उतरणीवरची. चौथ्यात उंदरानं संसार थाटला होता. पाचव्यानं अप्पांना असा झटका दिला की ते खुर्चीवरून उठले नाहीत, उठवले गेले. कोपर दोन दिवस परक्याचं असल्यासारखं वाटत होतं. सहावा लागलाच नाही. सातव्यावर इस्त्रीचे कपडे होते, आणि ते हलवायला सांगायची अप्पांची छाती होईना.

शेवटी अप्पांनी जे करायचं नाही असं ठरवलं होतं तेच केलं. एकाची ट्यूब, दुसऱ्याचा पंखा, तिसऱ्याची बटणं असं काढून काढून सहा जणांचा मिळून एक करायला घेतला. काढलेले स्क्रू मुलीच्या कानातल्यांच्या डबीत गेले. घरात कथलाच्या धुराचा वास असा मुरला की ऑफिसातला शेजारचा कारकून एकदा म्हणाला, "अप्पा, तुमच्या डब्यातल्या भाजीला गंज चढल्यासारखा वास येतो." सहा महिने असेच गेले. त्या सहा महिन्यांत बायको एकदाही रागावली नाही, आणि अप्पांना त्याचंच जास्त ओझं वाटायचं.

आणि मग एका संध्याकाळी पडद्यावर रेघ आली. सरळ, बारीक, हिरवीगार. अप्पा तिच्याकडं बघत बसले. मग त्यांनी मेव्हण्याकडून तो ॲम्प्लिफायर मागवून घेतला, उघडला आणि प्रोब टेकवला. पडद्यावर लाट उठली. ज्या आवाजानं भर बैठकीत अब्रू घालवली तो आवाज समोर दिसत होता. अप्पा प्रोब सरकवत सरकवत त्याचा माग काढत गेले आणि एका कोपऱ्यात पोचले. तिथं अर्थिंगचा स्क्रू ढिला होता. त्यांनी तो आवळला. लाट आडवी झाली. स्पीकर गप्प झाला.

बायको हातात उशीचा अभ्रा घेऊन दारात उभी होती. "थांबला की हो," ती म्हणाली. अप्पांनी नुसती मान हलवली.

मेव्हण्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "स्क्रू ढिला होता? एवढंच? मग हे मीसुद्धा केलं असतं."

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी हेडमास्तर वर्तमानपत्र मागायला आले.

ऑसिलोस्कोप चालू होता. अप्पांच्या हातून सहज प्रोबच्या टोकाला बोट लागलं आणि पडद्यावर मोठी, डौलदार लाट नाचायला लागली. हेडमास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

"अप्पा, हा कार्डिओग्राम!"

"नाही नाही. भिंतीतून वायरी गेल्यात ना, त्यांची वीज हवेतून थोडी अंगात उतरते. तीच दिसते. हृदयाचा काही संबंध नाही."

"मला लावू दे बोट."

हेडमास्तरांनी बोट लावलं. त्यांची लाट अप्पांच्या लाटेपेक्षा चांगली दोन चौकटी उंच आली. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते निकालाच्या दिवशीसुद्धा कुणी पाहिलं नसेल. "या वयात!" ते म्हणाले. "रोज चालतो ना मी."

दुसऱ्या दिवशी ते सेक्रेटरींना घेऊन आले. नंतर तिसऱ्या मजल्यावरची दोन म्हातारी माणसं आली. अप्पा प्रत्येकाला सांगत, हे हृदय नाही, हे भिंतीतलं वायरिंग आहे. प्रत्येक जण मान डोलवून, "हो, हो, पण बघा तर," असं म्हणून बोट पुढं करी. आपण खोटं बोललो तर लोक विश्वास ठेवतात आणि खरं बोललो तर त्यांना तो विनय वाटतो, हे अप्पांना याआधी कधी कळलं नव्हतं. संध्याकाळी ऑफिसातून यावं तर मुलीच्या खोलीत रांग. बायको त्यांना चहा देत होती. आता लोक घरात आल्यावर काय करणार?

घोटाळा झाला तो समोरच्या काकूंचा. त्या नुकत्याच धुतलेल्या ओल्या फरशीवरून अनवाणी आल्या होत्या. ओल्या फरशीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगात ती उसनी वीज फार ठरत नाही. जमिनीत निघून जाते. काकूंची लाट इवलीशी आली.

हेडमास्तर पडद्याकडं बघून गंभीर झाले. "काकू, तुमचं बसलंय."

"काय बसलंय?" काकू पांढऱ्या पडल्या.

"काही बसलेलं नाही!" अप्पा ओरडले. "फरशी ओली आहे! काकू, चप्पल घालून या!"

पण चप्पल घालून काकू तिथं न येता थेट डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टरांनी सगळं तपासून, काहीही झालेलं नाही असं सांगितलं, आणि मग हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं असं विचारलं. काकूंनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "आमच्या समोरचे अप्पा. पाणीपुरवठ्यात असतात. घरी मशीन ठेवलंय."

पुढच्या आठवड्यात आरोग्य खात्याचे निरीक्षक दारात उभे होते. नोकरीत असताना, परवाना नसताना, राहत्या घरात दवाखाना चालवणे, अशी तक्रार होती. अप्पांनी सगळं समजावून सांगितलं. वीज, वायरी, ओली फरशी. निरीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पंचनाम्यासाठी एक शेजारी पंच हवा म्हणाले. हेडमास्तर तयारच होते.

"मी स्वतः रोज सकाळी इथं तपासून घेतो," हेडमास्तरांनी आवाज चढवून जबाब दिला. "फार गुण आहे. आणि एक पैसा घेत नाहीत हो! वर चहा देतात!"

आपण अप्पांची बाजू भक्कम केली, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.

सहा जणांचे अवयव एकत्र करून उभा केलेला तो एकमेव चालू ऑसिलोस्कोप जप्त झाला. लिफ्टनं खाली गेला. सरकारी कामाला सेक्रेटरींची हरकत नव्हती. जाताना निरीक्षक म्हणाले की सुनावणीत काय ठरेल ते तुमच्या खात्यालाही कळवावं लागेल. त्यानंतर अप्पांना दोन घास गोड लागले नाहीत. निवृत्ती जवळ आली होती. चौकशी लागली तर सगळंच अडकणार होतं, आणि तेही कशापायी, तर ढिल्या स्क्रूपायी.

सुनावणीला बायको बरोबर आली. "तुम्ही एकटे गेलात तर समजावून सांगत बसाल," ती म्हणाली.

आरोग्य अधिकारी भरल्या अंगाचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेले गृहस्थ होते. खोलीच्या कोपऱ्यात, जप्त केलेल्या तराजूंच्या आणि बाटल्यांच्या गर्दीत ऑसिलोस्कोप ठेवलेला होता. अधिकाऱ्यांना अप्पांचा छळ करायचा नव्हता. त्यांना फाइल बंद करायची होती. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला.

"सही करा आणि सुटा. सोपं आहे."

अप्पांनी वाचलं. 'सदर यंत्र पूर्णपणे नादुरुस्त व निरुपयोगी असून त्याद्वारे कोणत्याही प्रकारची माहिती मिळत नाही.'

सहा महिने. कोपराचा झटका. मुलीच्या पलंगावरचे डाग. अप्पांनी पेन उचललं. त्यांना कसलाच राग आला नाही. घरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच वाटत होतं. त्यांनी तारीख घातली.

"चालतं ते, साहेब," बायको म्हणाली.

अधिकाऱ्यांनी मान वर केली. अप्पांनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

"पाय काढा," ती अप्पांना म्हणाली आणि पुन्हा अधिकाऱ्यांकडं वळली. "दवाखाना नव्हता, हे लिहा. औषधपाणी नव्हतं, लिहा. यांना डॉक्टरकीतलं काही कळत नाही, हे तर मी लिहून देते. पण बंद आहे असं लिहू नका. त्या खोलीत त्या वासात मी इस्त्री केलीय. ते चालायला लागलं तेव्हा मी दारात होते."

"अहो बाई, चालतं म्हटलं की मग ते काय दाखवतं हा प्रश्न येतो."

"वीज दाखवतं. लावून बघा ना."

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मग यंत्राकडं. उत्सुकता कुणाला नसते? शिपायानं खोका टेबलावर ठेवला. अप्पांनी वायर लावली. वाटेत काही हललं असेल, आता फटाक आवाज येईल, अशी त्यांची खात्री होती. पंखा फिरला. रेघ आली. अप्पांनी बोट लावलं, लाट आली. मग ते भिंतीवरच्या स्विचबोर्डाजवळ हात घेऊन गेले, लाट वाढली. हात दूर नेला, कमी झाली. "बघा साहेब. हृदय जागच्या जागीच आहे. हात तेवढा हलला."

इतकं स्पष्ट त्यांना आजवर कुणालाच समजावून सांगता आलं नव्हतं. शिपायानं बोट लावलं. टायपिस्ट बाईंनी लावलं. अधिकाऱ्यांनी दार लोटून घेतलं आणि आपलं जाडसर बोट पुढं केलं.

भली मोठी लाट आली. अधिकारी तिच्याकडं बघत राहिले. बराच वेळ. मग शिपायाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, अप्पांकडं न बघता म्हणाले, "कसं वाटतंय?"

'ठीक आहे साहेब' म्हणावं तर अप्पांनी सरकारी कचेरीत, आरोग्य अधिकाऱ्याला, परवान्याशिवाय तपासलं असं झालं असतं. काहीच बोलू नये तर तो माणूस रात्रभर झोपला नसता. त्या काळ्या वर्तुळांकडं बघून ते दिसत होतं.

"साहेब," अप्पा म्हणाले, "तुमच्या ऑफिसचं वायरिंग अगदी ठणठणीत आहे."

अधिकाऱ्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "ठणठणीत," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी टाइप केलेला कागद फाडला, दुसऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं 'विद्युत दुरुस्तीचे घरगुती साधन, तक्रारीत तथ्य नाही' असं लिहिलं, आणि शिपायाला खोका खाली पोचवायला सांगितलं. बाहेर पडताना अप्पांना दिसलं, ते कुणाला तरी फोन लावत होते आणि फोनवर हसत होते.

टॅक्सीत मागच्या सीटवर मधोमध ऑसिलोस्कोप आणि दोन बाजूंना दोघं बसली. प्रत्येक वळणावर खोका कुणाच्या तरी बरगडीत रुतत होता.

टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं. "काय आहे हो हे?"

अप्पांनी सांगायला तोंड उघडलं.

"ऑसिलोस्कोप," बायको म्हणाली. "वायरीतनं वीज जाते ना, ती यात वितळते आणि मग तिची रेघ दिसते. सहा जुनी मशीनं मोडून यांनी हे एक केलंय. असं बाजारात मिळत नाही."

वीज वितळत नाही. मिळायला बाजारात पुष्कळ मिळतात. टॅक्सीवाल्यानं पुढचं विचारलं आणि ती सांगायला लागली, हात हलवून हलवून, जवळजवळ सगळंच चुकीचं. अप्पांनी खोक्यावर हात टेकला, हातावर डोकं टेकलं, आणि एकही शब्द दुरुस्त न करता डोळे मिटले.